घर टेक्सासमध्ये, मालक कॅलिफोर्नियात : भाड्याच्या घराची मालकी कोणाच्या नावावर ठेवावी?

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे राहणाऱ्या एका मराठी जोडप्याचे हे प्रकरण आहे. अशा अनेक कुटुंबांपुढे येणारे प्रश्न एकत्र करून ते रचले आहे, त्यामुळे त्यात कोणा एकाची ओळख शोधू नये. आकडे मात्र व्यवहारात दिसतात त्याच मापाचे घेतले आहेत. दोघेही संगणक क्षेत्रात नोकरी करतात आणि दोघांनाही ग्रीन कार्ड मिळालेले आहे. पूर्वी ते ऑस्टिनच्या उत्तरेला राउंड रॉक येथे राहत होते. तेथे त्यांनी २०१९ साली ३ लाख डॉलरला घर घेतले आणि २०२० साली व्याजदर उतरल्यावर २ लाख ४० हजार डॉलरचे कर्ज ३ टक्के दराने ३० वर्षांसाठी नव्याने करून घेतले. पुढे नोकरीच्या निमित्ताने कॅलिफोर्नियात यावे लागले, तेव्हा इतक्या स्वस्त कर्जावरचे घर विकण्याऐवजी त्यांनी ते भाड्याने दिले. या गोष्टीला दोन वर्षे झाली आहेत. आता त्याच भागात दुसरे घर घेण्याचा विचार असून त्यासाठी पत्नीचे वडील पुण्याहून दीड लाख डॉलर द्यायला तयार आहेत. त्यांची अपेक्षा एवढीच की, ‘कागदावर माझेही नाव असावे.’

प्रश्न असा होता की ही दोन्ही घरे एखाद्या एलएलसीच्या, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या कंपनीच्या नावावर करावीत का, आणि करायची तर ती कंपनी कोणत्या राज्यात नोंदवावी. सल्ले तीन मिळाले होते. कचेरीतल्या एका सहकाऱ्याने वायोमिंगमध्ये कंपनी काढायला सांगितले, कारण तेथे मालकाचे नाव उघड होत नाही. घर दाखवणाऱ्या एजंटने टेक्सासची ‘सीरिज एलएलसी’ सुचवली, म्हणजे एकाच कंपनीच्या पोटात प्रत्येक घराचा वेगळा कप्पा. विवरणपत्र भरून देणाऱ्या सीपीएचे, म्हणजे परवानाधारक लेखापालाचे, म्हणणे होते की काहीच करू नका. तिघेही आपापल्या परीने बरोबर होते. पण मालक राहतात कुठे, हा प्रश्न तिघांपैकी कोणीही आधी विचारला नाही, आणि माझ्या मते या प्रकरणाचा निकाल त्या एकाच प्रश्नावर लागतो.

आधी जमाखर्च

राउंड रॉकच्या घराचे भाडे महिना २,२०० डॉलर, म्हणजे वर्षाला २६,४०० डॉलर येते. कर्जाचा हप्ता वर्षाला सुमारे १२,१४० डॉलर आहे. टेक्सासमध्ये व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा कर नाही, पण त्याची भरपाई मालमत्ता करातून होते. तो येथे साडेसात हजारांच्या घरात जातो आणि मालक स्वतः राहत नसल्यामुळे निवासी घराला मिळणारी सवलतही नाही. विम्याचे २,३०० डॉलर आणि घराची देखभाल पाहणाऱ्या स्थानिक कंपनीचे ८ टक्के, म्हणजे २,११२ डॉलर, धरले तर हातात सुमारे २,३५० डॉलर उरतात. त्यातूनच वातानुकूलन यंत्राची दुरुस्ती करायची आणि भाडेकरू बदलताना जाणारा रिकामा महिनाही भागवायचा.

हा आकडा समोर ठेवल्याशिवाय मालकीच्या चौकटीची चर्चा करणे व्यर्थ आहे, असे मला वाटते. कंपनीचा वार्षिक खर्च ‘फक्त आठशे डॉलर’ असतो हे वाक्य सर्रास ऐकू येते. येथे ते आठशे डॉलर म्हणजे घराच्या वर्षभराच्या शिलकीचा तिसरा हिस्सा आहे.

आठशे डॉलर कोठून आले

टेक्सासमध्ये एलएलसी नोंदवण्याचे शुल्क ३०० डॉलर असून ते एकदाच भरायचे असते. राज्याचा फ्रँचाइज कर, म्हणजे कंपन्यांवरचा कर, आहे, पण २०२४ आणि २०२५ सालांसाठी २४ लाख ७० हजार डॉलरपर्यंतच्या उलाढालीवर तो शून्य ठेवला होता. दरवर्षी १५ मेपर्यंत माहितीपत्रक मात्र भरावे लागते. टेक्सासमध्ये राहणाऱ्या मालकाला एलएलसी जवळजवळ फुकट पडते, आणि तेथील एजंट ती सहजपणे सुचवतात त्याचे कारणही हेच आहे.

कॅलिफोर्नियात गणित बदलते. या राज्यात व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक एलएलसीला, नफा असो वा तोटा, वर्षाला किमान ८०० डॉलर कर भरावा लागतो. यावर स्वाभाविक शंका अशी की घर टेक्सासमध्ये, भाडेकरू टेक्सासमध्ये आणि कंपनीही टेक्सासची, मग कॅलिफोर्नियाचा संबंध कुठे येतो? तो येतो मालकाच्या खुर्चीपाशी. कॅलिफोर्नियाच्या फ्रँचाइज टॅक्स बोर्डाने आपल्या मार्गदर्शक पत्रकात जवळजवळ हेच उदाहरण दिले आहे. त्यात घर नेव्हाडात आहे, नेव्हाडाच्याच एलएलसीच्या नावावर आहे, आणि भाडे गोळा करणारी व दुरुस्ती पाहणारी कंपनीही तिकडचीच आहे. मालक मात्र कॅलिफोर्नियात राहतो, त्या कंपनीला नेमण्याचा व काढण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे, अधूनमधून तो फोनवर तिच्याशी बोलतो आणि घराची अंतिम जबाबदारी त्याचीच आहे. बोर्डाच्या मते एवढ्याने ती एलएलसी कॅलिफोर्नियात व्यवसाय करते असे ठरते. फ्रीमाँटमधून फोनवरच ‘हो, नवा वॉटर हीटर बसवा’ असे सांगणाऱ्या आपल्या जोडप्याची स्थिती यापेक्षा तसूभरही वेगळी नाही.

याविरुद्ध २०१७ सालच्या स्वार्ट एंटरप्रायझेस खटल्याचा दाखला दिला जातो. त्यात आयोवातील एका कंपनीकडे कॅलिफोर्नियाच्या एका एलएलसीत अवघा ०.२ टक्के हिस्सा होता, कारभारात तिचा काहीही हात नव्हता, आणि अपील न्यायालयाने तिला कर लागू नाही असे ठरवले. तो निकाल स्वस्थ बसलेल्या गुंतवणूकदाराच्या बाजूचा आहे. सगळे निर्णय स्वतः घेणाऱ्या नवरा-बायकोला त्याचा आधार घेता येणार नाही. राज्याबाहेरच्या एखाद्या त्रयस्थाला कंपनीचा कारभारी नेमून हा कर टाळता येईल, अशी शक्कलही काही जण सुचवतात. आठशे डॉलर वाचवण्यासाठी चार लाखांच्या घराचा ताबा परक्याच्या सहीवर सोपवणे हा सौदा मला कोणत्याही बाजूने फायद्याचा दिसत नाही.

वायोमिंगचा सल्लाही याच ठिकाणी बारगळतो. तेथील नोंदणीचे शुल्क १०० डॉलर आणि वार्षिक कर किमान ६० डॉलर आहे, म्हणून ते स्वस्त वाटते. पण ती कंपनी टेक्सासमध्ये घर भाड्याने देणार, म्हणून टेक्सासमध्ये परराज्यातील कंपनी म्हणून नोंदवावी लागेल, आणि त्याचे शुल्क तेथील स्थानिक कंपनीच्या ३०० डॉलरऐवजी ७५० डॉलर आहे. शिवाय मालक कॅलिफोर्नियात असल्यामुळे तेथेही ७० डॉलर भरून नोंदणी, दर दोन वर्षांनी २० डॉलरचे माहितीपत्रक आणि दरवर्षी ते ८०० डॉलर आहेतच. एका घरासाठी तीन राज्यांशी पत्रव्यवहार करावा लागेल. नाव गुप्त राहण्याचे आकर्षणही फार काळ टिकत नाही, कारण टेक्सासचे आणि कॅलिफोर्नियाचे माहितीपत्रक सार्वजनिक असते आणि त्यात कारभाऱ्यांची नावे द्यावी लागतात.

सीरिज एलएलसीचे थोडक्यात सांगता येईल. टेक्सासच्या कायद्यात २००९ पासून तिला मान्यता आहे. मात्र कॅलिफोर्नियाचे कर बोर्ड तिच्यातील प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र एलएलसी मानते, म्हणून दोन घरांचे दोन कप्पे केले की दोनदा आठशे. एजंटने सांगितलेला फायदा टेक्सासमध्ये राहणाऱ्यासाठी खरा आहे, आणि तो तिथेच संपतो.

कंपनी नक्की कशापासून वाचवते

आठशे डॉलर जास्त की कमी, हे त्यांच्या बदल्यात काय मिळते यावर अवलंबून आहे. भाडेकरूने दावा लावला तर आपले फ्रीमाँटचे घर आणि बचत जाईल, ही या जोडप्याची भीती होती. भीती खोटी नव्हती, पण ती तपासून पाहायला हवी होती.

समजा, वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्याचा कठडा हलतो आहे. भाडेकरूने दोनदा ईमेल केला, देखभाल कंपनीने तो मालकाकडे पाठवला आणि मालकाने ‘अजून एक कोटेशन मागवा, हे महाग आहे’ असे उत्तर दिले. तीन आठवड्यांनी भाडेकरूची आई जिन्यावरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. या दाव्यात निष्काळजीपणा ठरला तर तो मालकाचा स्वतःचा असेल, आणि स्वतःच्या निष्काळजीपणाची वैयक्तिक जबाबदारी एलएलसी झाकत नाही. ईमेल पाठवणारा माणूस कंपनीचा सभासद, म्हणजे एलएलसीचा मालक, होता म्हणून तो सुटत नाही. टेक्सासच्या मालमत्ता संहितेत तर काही गोष्टी मालकावर थेट बंधनकारक आहेत. भाडेकरू बदलला की सात दिवसांच्या आत कुलपे नव्या किल्लीची करावी लागतात आणि बाहेरच्या दारांना आतून लावायचा किल्लीविरहित अडसर हवा असतो. तो नसताना चोरी किंवा हल्ला झाला तर पहिला प्रश्न हाच विचारला जातो की त्याची व्यवस्था पाहणे कोणाच्या हातात होते.

याउलट नळ दुरुस्त करणाऱ्या कंत्राटदाराने गॅसची जोडणी चुकीची केली आणि मालकाचा त्यात कसलाही हात नसला, तर एलएलसीची भिंत उपयोगी पडते. दावा कंपनीवर जातो आणि तिच्याजवळ असलेल्या मालमत्तेपुरता मर्यादित राहतो, अर्थात कंपनीचे बँक खाते वेगळे ठेवले असेल, करार तिच्याच नावाने केले असतील आणि घरचा किराणा तिच्या कार्डावर आणला नसेल तर. उलट दिशेचे संरक्षणही मोलाचे आहे. टेक्सासच्या कायद्यानुसार सभासदाच्या वैयक्तिक धनकोला एलएलसीतून वाटप होईल तेवढ्यावरच हक्क सांगता येतो. एकाच सभासदाची कंपनी असली तरी तो घरावर हात टाकू शकत नाही. सगळीकडे असे नाही. २०१० साली फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ओल्मस्टेड प्रकरणात एकल सभासदाच्या एलएलसीतील संपूर्ण हिस्सा धनकोला देण्याची वाट मोकळी केली. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही धनकोला हिश्शाच्या विक्रीपर्यंत जाता येते, आणि आपल्या जोडप्यावर दावा झालाच तर तो बहुधा कॅलिफोर्नियातील न्यायालयात होईल.

आता त्यांच्या मालमत्तेकडे पाहू. दोघांची ४०१(के) ही निवृत्तीच्या बचतीची खाती १९७४ च्या केंद्रीय कायद्याने धनकोंपासून सुरक्षित आहेत. राहत्या घरातील हिश्शापैकी ठरावीक रक्कम कॅलिफोर्नियात जप्तीतून सूट मिळवते. २०२१ साली ती ३ ते ६ लाख डॉलरपर्यंत होती, आणि २०२२ पासून ही मर्यादा महागाईप्रमाणे वाढते. खरी उघडी पडलेली रक्कम म्हणजे नोकरीतून मिळालेल्या शेअर्सचे सुमारे ४ लाख डॉलरचे खाते. राखायचे आहे ते मुख्यतः एवढे.

विमा, आणि त्यावरचे नाव

अशा रकमेसाठी पहिली तटबंदी विम्याची असते, कारण विमा नुकसानभरपाई तर देतोच, शिवाय वकिलाचा खर्चही उचलतो. एलएलसी तो उचलत नाही. दावा जिंकला तरी वकिलाचे बिल कंपनीने, म्हणजे मालकानेच, भरायचे असते. या जोडप्याची पॉलिसी तपासली तेव्हा एक गंभीर बाब सापडली. टेक्सासच्या घरावर अजूनही स्वतः राहणाऱ्या मालकाचीच पॉलिसी चालू होती. घर भाड्याने दिल्याचे विमा कंपनीला कळवलेलेच नव्हते. त्या दोन वर्षांत आग लागली असती किंवा कोणी पडले असते, तर कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळाले असते. एलएलसी काढावी की नाही यावर महिनाभर खल चालला होता, आणि खरे भगदाड एका फोनने बुजण्यासारखे होते.

ती पॉलिसी बदलून भाड्याच्या घराची घेतली आणि दायित्वाची मर्यादा ५ लाख डॉलरपर्यंत नेली. त्यावर २० लाखांची वैयक्तिक अम्ब्रेला पॉलिसी, म्हणजे मूळ पॉलिसींची मर्यादा संपल्यावर लागू होणारी वरची पॉलिसी, घेतली. ती फ्रीमाँटचे घर, दोन्ही गाड्या आणि टेक्सासचे घर या सर्वांवर छत्र धरते, आणि तिचा वार्षिक हप्ता आठशे डॉलरपेक्षा कमीच आला. येथे एक बारकावा आहे, जो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. वैयक्तिक अम्ब्रेला पॉलिसी बहुधा व्यक्तीच्या नावावरील घरांनाच लागू होते. घर एलएलसीच्या नावावर केले की ते तिच्या बाहेर जाते आणि व्यावसायिक पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, जी महाग असते. म्हणजे दोन कवचे अंगावर चढवायला जावे तर एक गळून पडते.

बँक काय म्हणेल

३ टक्क्यांचे कर्ज हे या कुटुंबाचे खरे धन आहे. कर्जाच्या करारात एक कलम असते की घराची मालकी बदलली तर बँक संपूर्ण थकबाकी एकदम मागू शकते. व्याजदर चढलेले असताना हे कलम लागू झाले तर सगळा हिशेबच कोलमडेल. १९८२ चा गार्न-सेंट जर्मेन कायदा काही हस्तांतरांना यातून वगळतो, पण एलएलसीला केलेले हस्तांतर त्या यादीत नाही.

तरीही या प्रकरणात वाट होती. त्यांचे कर्ज फॅनी मे या बँकांकडून गृहकर्जे विकत घेणाऱ्या संस्थेने विकत घेतलेले निघाले, आणि फॅनी मेच्या नियमांनुसार तिने १ जून २०१६ पासून पुढे विकत घेतलेल्या कर्जांच्या बाबतीत, मूळ कर्जदाराचे नियंत्रण किंवा बहुसंख्य हिस्सा असलेल्या एलएलसीकडे घर वर्ग केले तर ते कलम लावले जात नाही. कर्ज कोणाकडे आहे हे फॅनी मेच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून पाहता येते. म्हणजे कर्ज हा अडसर ठरला नाही. अडले ते कॅलिफोर्नियाच्या करापाशी.

दुसऱ्या घराचे चित्र वेगळे आहे. नेहमीचे गृहकर्ज व्यक्तीलाच मिळते. एलएलसीच्या नावावर कर्ज हवे असेल तर भाड्याच्या उत्पन्नावर दिले जाणारे, जास्त दराचे कर्ज घ्यावे लागते आणि त्यावर बहुधा मालकाची वैयक्तिक हमी लिहून घेतात. बँकेपुरती तरी मर्यादित दायित्वाची गोष्ट त्या सहीबरोबर संपते.

करांच्या दृष्टीने

एलएलसी काढल्याने कर वाचतो, हा समज मुळातच चुकीचा आहे. केंद्रीय करासाठी एकल सभासदाची एलएलसी अस्तित्वातच नाही असे मानले जाते. भाडे, व्याज आणि साडेसत्तावीस वर्षांचा घसारा हे सारे पूर्वीप्रमाणे मालकाच्या वैयक्तिक विवरणपत्राच्या शेड्युल ई वरच जाते. नवरा-बायको दोघे सभासद असतील तर सर्वसाधारणपणे भागीदारीचे वेगळे विवरणपत्र, फॉर्म १०६५, भरावे लागते. टेक्सास आणि कॅलिफोर्निया ही दोन्ही राज्ये पती-पत्नीची सामाईक मालमत्ता मानणारी असल्यामुळे केंद्रीय कर खात्याच्या २००२ च्या एका सूचनेनुसार त्यांना ते टाळण्याची मुभा आहे. कॅलिफोर्नियाचा रहिवासी आपल्या जगभरातील उत्पन्नावर त्या राज्याला कर देतो, त्यामुळे टेक्सासचे भाडेही तेथे दाखवायचेच असते. सध्या घसाऱ्यामुळे करपात्र उत्पन्न शून्याच्या आसपास आहे. होणारा किरकोळ तोटा, पगार मोठा असल्यामुळे, लगेच वापरता येत नाही, तो पुढे ओढला जातो. या कशावरही एलएलसीचा परिणाम होत नाही.

दोन बाबतींत मात्र चौकटीची निवड करावर परिणाम करते. विक्रीच्या आधीच्या पाच वर्षांपैकी दोन वर्षे घरात स्वतः राहिलेले असेल, तर जोडप्याला ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त मिळतो. राउंड रॉक सोडून दोन वर्षे झाली आहेत, म्हणून ही सवलत अजून वर्षभर शिल्लक आहे. घर भागीदारी म्हणून कर भरणाऱ्या एलएलसीत टाकले असते तर ती हातची गेली असती. दुसरी बाब मृत्यूनंतरची आहे. सामाईक मालमत्तेतील एक जोडीदार गेला की संपूर्ण घराची मूळ किंमत, म्हणजे जिच्यापासून विक्रीचा नफा मोजतात ती, त्या दिवशीच्या बाजारभावाला येते, फक्त अर्ध्या हिश्शाची नव्हे. इतक्या वर्षांचा घसारा आणि वाढलेला नफा दोन्ही पुसले जातात. सी किंवा एस प्रकारच्या कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे शेअर असलेल्या कंपनीत, घर ठेवले तर शेअरची किंमत वाढते, पण आतल्या घराची जुनीच राहते, आणि घर बाहेर काढायचे म्हटले तर विकल्यासारखा कर लागतो. भाड्याचे घर कॉर्पोरेशनमध्ये ठेवण्याचे एकही चांगले कारण या प्रकरणात सापडले नाही.

वडिलांचे नाव

सगळ्यात नाजूक भाग हा होता. वडिलांची भावना समजण्यासारखी होती. आयुष्यभराच्या कमाईतून मोठी रक्कम देताना माणसाला कागदावर आपले अस्तित्व हवे असते, आणि ‘बाबा, तुमचे नाव नको’ हे मुलीने म्हणणे सोपे नव्हते. तरी त्याचे परिणाम पाहिल्यावर तिला दुसरा मार्ग उरला नाही.

वडील भारतात राहतात आणि अमेरिकेचे रहिवासी नाहीत. अशा व्यक्तीचे निधन झाले तर अमेरिकेतील तिच्या मालमत्तेपैकी फक्त पहिल्या ६० हजार डॉलरना वारसा करातून सूट मिळते. त्यावरील रकमेवर कर ४० टक्क्यांपर्यंत जातो. भारत आणि अमेरिका यांच्यात वारसा कराबाबत करार नाही. दीड लाखांचा हिस्सा वडिलांच्या नावावर राहिला, तर एक दिवस मुलीला आपल्याच घरातील वडिलांच्या भागावर कर भरावा लागेल. त्यांना एलएलसीत सभासद केले तर ती भागीदारी होते, त्यांच्या वाट्याच्या नफ्यावर कर कापून सरकारला भरावा लागतो आणि त्यांना करक्रमांक घेऊन दरवर्षी अमेरिकेत विवरणपत्र भरावे लागते. भारताच्या बाजूने २०२२ चे परदेशी गुंतवणुकीचे नियम स्थावर मालमत्तेच्या उलाढालीत असलेल्या परदेशी संस्थेत हिस्सा घेण्यास मनाई करतात. भाड्याचे एक घर बाळगणारी एलएलसी त्या व्याख्येत बसते की नाही यावर वाद घालता येईल, पण तो वाद पुण्यातील बँकेच्या खिडकीवर घालण्याची वेळ निवृत्त माणसावर कोणी आणावी?

म्हणून ही रक्कम भेट म्हणून द्यायचे ठरले. उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. मुलीला दिलेल्या भेटीवर भारतात आयकर नाही. मात्र १० लाख रुपयांपुढील रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच गोळा होणारा आगाऊ कर, आधीच वसूल करते. डॉलरला ८५ रुपये धरले तर दीड लाख डॉलर म्हणजे सुमारे १ कोटी २७ लाख रुपये, आणि त्यावर साडेतेवीस लाखांच्या आसपास टीसीएस. विवरणपत्र भरल्यावर तो परत मिळतो किंवा करात वळता होतो, पण तोवर एवढी रक्कम अडकून पडते. आईच्या खात्यातूनही काही भाग पाठवल्यास १० लाखांची मर्यादा तिला स्वतंत्रपणे मिळते, म्हणून रक्कम दोघांत विभागली. अमेरिकेच्या बाजूला परदेशी व्यक्तींकडून वर्षात १ लाख डॉलरपेक्षा जास्त भेट मिळाल्यामुळे मुलीला फॉर्म ३५२० हे माहितीपत्रक भरावे लागेल. त्यावर कर काही लागत नाही, पण ते भरायचे राहिले तर दंड दरमहा भेटीच्या ५ टक्के, जास्तीत जास्त २५ टक्के. कर नाही म्हणून दुर्लक्ष होते, आणि तेच महागात पडते.

निर्णय

दोन्ही घरे एलएलसीत न टाकता रद्द करता येणाऱ्या लिव्हिंग ट्रस्टमध्ये, म्हणजे मालकाने हयातीतच स्वतःसाठी व पुढे वारसांसाठी केलेल्या विश्वस्त व्यवस्थेत, ठेवायचे ठरले. ट्रस्टमुळे दायित्वापासून काडीचेही संरक्षण मिळत नाही, हे येथे स्पष्ट सांगायला हवे. ते काम विम्यावर सोडले आहे. ट्रस्टमुळे टळते ते प्रोबेट, म्हणजे मृत्यूनंतर मालमत्ता वारसांकडे जाण्याची न्यायालयीन प्रक्रिया. मालक कॅलिफोर्नियात वारले आणि घर टेक्सासमध्ये असले तर वारसांना टेक्सासमध्येही न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि दोन राज्यांतली ही धावपळ लहान मुले असलेल्या घरावर येऊ नये हा उद्देश. त्यासाठी वेगळे विवरणपत्र लागत नाही आणि आठशे डॉलरही लागत नाहीत. ट्रस्टच्या दस्तात ही मालमत्ता सामाईकच राहील असे वाक्य मुद्दाम घातले, म्हणजे दोन्ही हिश्शांची मूळ किंमत वाढण्याची सवलत वादात सापडणार नाही.

हस्तांतराचा दस्त विल्यमसन काउंटीच्या दप्तरी नोंदवला. टेक्सासमध्ये मालमत्ता हस्तांतरावर कर नाही, नोंदणी शुल्क किरकोळ आहे. कॅलिफोर्नियात सर्रास चालणारे क्विटक्लेम पत्र, म्हणजे मालकीची हमी न देता हक्क सोडणारा दस्त, टेक्सासमधील मालकीहक्क तपासणाऱ्या टायटल कंपन्यांना रुचत नाही, म्हणून तेथील वकिलाकडून मालकीची हमी देणारे वॉरंटी डीड करून घेतले. गार्न-सेंट जर्मेन कायद्याच्या शब्दांत कर्जदार लाभार्थी राहिलेल्या ट्रस्टला सूट आहे, पण त्याखालच्या नियमावलीत कर्जदार घरात राहत असण्याची अट येते. भाड्याच्या घराला ती अडचणीची ठरू शकते, म्हणून आधी कर्जाचे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीकडून लेखी संमती घेतली. दस्त नोंदवला त्याच आठवड्यात विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर ट्रस्टचे नाव चढवले.

हा निर्णय कायमचा नाही. कुटुंबाबाहेरचा भागीदार आला, किंवा कर्ज फिटून घरांतील स्वतःचा हिस्सा विम्याच्या मर्यादेपलीकडे गेला, तर वर्षाला आठशे डॉलर ही वाजवी किंमत ठरेल. घरे चार-पाच झाली तरी विमा कंपनी वैयक्तिक अम्ब्रेलात ती घ्यायला नाखूश होईल, आणि तेव्हा व्यावसायिक पॉलिसी व एलएलसी एकत्रच घ्यावी लागतील. नवऱ्याची कंपनी ऑस्टिनला कचेरी वाढवते आहे, अशी चर्चा कानावर आहे. तिकडे परत जाणे झाले तर कॅलिफोर्नियाचा प्रश्नच उरत नाही. मग टेक्सासची साधी एलएलसी ३०० डॉलरमध्ये होईल, आणि फॅनी मेच्या नियमाखाली ३ टक्क्यांचे कर्ज तसेच ठेवून घर तिच्याकडे वर्ग करता येईल. नवा पत्ता ठरेपर्यंत तो अर्ज भरण्याचे कारण नाही.